ठेवायला दिलेली मोटार

ताईनं आयुष्यभर लोकांचे दात केले. नाशकात शालिमारजवळच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर तिची लहानशी लॅब होती. दाताचे डॉक्टर मापं पाठवायचे, ताई कवळ्या करून परत पाठवायची. ज्यांच्यासाठी त्या केल्या त्यांतलं बहुधा एकही तोंड तिनं पाहिलं नाही. मग कधी गोदावरीच्या घाटावर, कधी भाजीबाजारात एखादा म्हातारा मोकळं हसला की ती जरा थांबायची आणि पुढे गेल्यावर मला हळूच म्हणायची, "माझे असावेत."

तिनं लग्न केलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. माझा संसार झाला, मुलगी लग्न होऊन नांदगावला गेली. ताई मात्र लॅबच्या वरच्या दोन खोल्यांत राहिली. साठी उलटल्यावर तिनं लॅब बंद केली आणि आता एक मोटार घेणार असल्याचं सांगितलं. मला वाटलं, हात दुखतात तिचे, तर गिअर नसलेली छोटी गाडी घेईल. ती मला देवळाली कॅम्पात घेऊन गेली.

तिथे तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंचा बंगला पाडायचा होता. मागच्या आवारात बुचाच्या झाडाखाली एक मोटार उभी होती. उभी म्हणजे, जमिनीत थोडी रुतलेली. विलायतेची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. पुढे दोन माणसं आणि मागे फार तर दोन मुलं बसतील एवढी. कापडी टप कधीच उडून गेला होता. सीटवर नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या आणि त्यांच्यात बुचाची पांढरी फुलं पडली होती, इतकी की गाडीत गादी घातल्यासारखं वाटत होतं. गोरे अधिकारी इथून गेले तेव्हा जे नेता आलं नाही ते विकून गेले, त्यातलीच ही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईनं दार उघडलं, फुलं बाजूला केली नाहीत, तशीच त्यांच्यावर बसली. बराच वेळ बसली. मी झाडाखाली उभा राहून तिच्याकडे बघत होतो. ती कुठेतरी निघाल्यासारखी दिसत होती.

गिरणाऱ्याकडे आमच्या एका स्नेह्यांच्या मळ्यात रिकामी शेड होती. टेम्पोत घालून मोटार तिकडे नेली. द्राक्षछाटणीचे दिवस होते. सकाळी गिरणाऱ्याच्या चौकात मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून डोंगरातली माणसं बोचकी घेऊन येतात, बागाईतदार येऊन त्यांना कामाला नेतात. त्या गर्दीत आमचा टेम्पो अडकला. मी आणि ताई मागे मोटारीजवळच बसलो होतो. गर्दीतून एक बाई पुढे आली. साधारण ताईच्याच वयाची, बारीक अंगाची, डोक्यावर बोचकं. तिनं मोटारीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवला. गुरावर ठेवतात तसा.

"आमच्या घरी हाय अशीच," ती म्हणाली.

ताईला नीट ऐकू आलं नसावं. तिनं वाकून विचारलं, काय म्हणालात? पण तेवढ्यात टेम्पो हलला, बाईला तिच्या बरोबरच्यांनी हाक मारली आणि ती एका पिकअपमध्ये चढली. पिकअप कुठल्या बागेकडे वळली ते धुळीत दिसलंच नाही. गाव विचारायचं राहिलं.

आता हे खरं मानावं की नाही, यावर आमचे बरेच दिवस गेले. जुन्या विलायती गाड्यांचा नाद असलेल्या लोकांचा एक ग्रुप असतो, तसा ताईनं मोबाइलवर गाठला होता. कोणी पुण्याचे, कोणी कोल्हापूरचे, कोणी बडोद्याचे. कुठे कुणाच्या गोठ्यात गाडी सापडली, कुठल्या भंगारात आरसा मिळाला, हेच त्यांचं बोलणं. त्यातूनच तिची ओळख बर्मिंगहॅमजवळच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी झाली. ते बसचालक होते, आता निवृत्त. तसलीच मोटार त्यांच्याकडे होती आणि जगात अशा किती उरल्यात याचा माग ते आणि त्यांचे दोन-चार मित्र काढत होते. ताईचं इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी येणं शक्य नव्हतं. पण व्हिडिओवर दोघं एकमेकांना सुटे भाग दाखवत बसायची. त्यांच्या खिडकीबाहेर कायम करडं आभाळ असायचं, आणि ताईच्या खिडकीत भर दुपार. ते म्हणाले, आमच्या माहितीप्रमाणे सगळ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात. एकाच जिल्ह्यात दोन? बाईंचा काहीतरी घोटाळा झाला असेल.

ताईचं मन मात्र त्या हातावर अडकलं होतं. "तिनं पत्र्यावर हात ठेवला तो उगीच नव्हे," ती म्हणायची. "रोज ठेवायची सवय असलेला हात होता तो."

आम्ही गिरणाऱ्याला जाऊन चौकशी केली. लोक हसले. कोणी म्हणालं, घोटीला एका भाताच्या गिरणीत जुनं इंजिन आहे, ते बघा. आम्ही घोटीला गेलो. ते इंजिन पाण्याच्या पंपाचं निघालं, पण गिरणीवाल्यानं चहा पाजला आणि नव्या तांदळाचा वास घेत आम्ही तिथे बराच वेळ बसलो. कोणी देवळ्याचं नाव सांगितलं. तिथे कांद्याच्या चाळीमागे एका मोटारीचा सांगाडा होता, पण दुसऱ्याच कुळीचा. तरीही ताईनं त्याच्याभोवती फेरी मारली, कुणाच्या घरी भेटायला गेल्यासारखी.

होळीला डोंगरातली माणसं आपापल्या गावी परत जातात. ती बाईही गेली असणार. मग मी मोटारीचं एक चित्र काढलं, शाळेत फळ्यावर काढायचो तसं ठसठशीत, आणि ते घेऊन आम्ही पश्चिमेकडचे आठवडेबाजार फिरू लागलो. माझी साधी गाडी, मी चालवणार, ताई शेजारी चित्र मांडीवर घेऊन. मोहाची फुलं गळायचे दिवस. घाट चढला की गोडसर, जड वास यायचा आणि डोळे मिटायला लागायचे. आम्ही दोघं लहानपणानंतर इतका वेळ एकत्र कधी नव्हतो. बोलणं फारसं व्हायचं नाही. मला सारखं वाटायचं, या वळणापलीकडे ती मोटार उभी असेल, नाहीतर नुकतीच इथून गेली असेल. रस्त्यावर कुठे कुठे तेलाचे डाग दिसायचे, आणि ते बघून मला उगीच बरं वाटायचं.

हरसूलच्या बाजारात सुकट विकणाऱ्या एका माणसानं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही नागलीची गाडी ना?"

ताईनं माझा दंड धरला.

त्यानं सांगितलेली वाडी डांबरी रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत होती. कुडाची, कौलारू घरं. चौथ्या की पाचव्या घरासमोर तीच बाई नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत बसली होती. तिनं ताईला लगेच ओळखलं. "तुमी त्या टेम्पोतल्या," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली, जणू आम्ही येणार हे ठरलेलंच होतं.

मोटार घराशेजारच्या छपरीत होती. बारीक बांबूंच्या कुडाला शेण लिंपलेलं, वर कौलं. आत अंधार. डोळे सरावले तसे आधी दोन दिवे दिसले, मग जाळी, मग दारं. तीच मोटार. रंगसुद्धा तोच हिरवा, आमच्या गाडीवर नखाएवढा उरला होता तो इथे अख्ख्या दारावर होता. बाईनं दार उघडलं. मागच्या सीटच्या जागी काठोकाठ नागली भरलेली होती, लाल, बारीक, पाण्यासारखी. टपाच्या जागी पत्रा घातलाय, उंदराला आत शिरायला फट नाही, असं ती म्हणाली. ताईनं नागलीत मनगटापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

हकीकत तिनं ओसरीवर बसून सांगितली. तिचे सासरे जंगलखात्यातल्या एका गोऱ्या साहेबाकडे कामाला होते. साहेबाचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं, सगळे त्याला लांब साहेब म्हणायचे, उंच होता म्हणून. उन्हाळ्यात तो नदीच्या कोरड्या पात्रातून मोटार इथवर घेऊन आला होता. ती बंद पडली. साहेब सासऱ्यांना म्हणाला, ही ठेव, मी न्यायला माणूस पाठवतो. मग तो आपल्या मुलखाला निघून गेला आणि माणूस काही आला नाही. सासऱ्यांनी आधी मोटारीवर छप्पर घातलं, मग स्वतःच्या घराची कौलं बदलली. मरताना त्यांनी मोटार सांभाळायचं मुलाला सांगितलं, मुलानं मरताना बायकोला. आता ती बायको आमच्यासमोर बसली होती. दरवर्षी ती सुनेबरोबर द्राक्षाच्या कामाला गिरणाऱ्याकडे जायची, तेव्हा छपरीची किल्ली शेजारणीकडे असायची.

ताईच्या मोटारीला तीन वस्तू नव्हत्या आणि त्या कुठेच मिळत नव्हत्या. कार्ब्युरेटरवरचं पेट्रोलची नळी बसते ते झाकण, मागच्या दिव्याची लाल काच आणि डाव्या दाराची मूठ. इथे तिन्ही होत्या. ताईनं ते सांगितलं. विचारायचा धीर तिला झाला नाही, पण बाईला कळलं.

"नाय देता येनार," बाई शांतपणे म्हणाली. "आमची आसती तर सगळी दिली आसती. ठेवायला दिलेली हाय ती. उद्या कोन न्यायला आला तर काय सांगू?"

मी ताईकडे पाहिलं. ती हिरमुसेल असं वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं, एखादं कोडं सोडवताना माणूस जसा दूर बघतो तसं. "नका देऊ," ती म्हणाली. "मला नुसतं माप घेऊ द्याल का, वहिनी?"

पुढच्या खेपेला ती आपली जुनी पेटी घेऊन आली. दाताचं माप घेतात ते रबर दोन डब्यांत येतं, एक पांढरं, एक निळं. दोन्ही गोळे एकत्र मळायचे आणि घट्ट होण्याआधी दाबून बसवायचे. तिन्ही वस्तू सोडवून घेतल्यावर छपरीच्या दारात, उजेडात, ताई मळायला बसली. बाई शेजारी उकिडवी बसून बघत होती. मग तिनं हात पुढे केला आणि एक गोळा स्वतः मळला, भाकरीचं पीठ मळतात तसा तळव्यानं रेटत. तो ताईच्यापेक्षा चांगला मळला गेला. दोघींनी मिळून काचेवर, मुठीवर, झाकणावर तो दाबला आणि तो घट्ट होईपर्यंत हात न हलवता बसून राहिल्या. वाऱ्यानं मोहाचं पान पडलं की ऐकू येत होतं.

तेव्हा बाईनं विचारलं, हे तुमी कुठं शिकल्या? ताईनं दातांचं सांगितलं. बाई पदर तोंडावर धरून हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. ताईनं लगेच तिचं माप घेऊन दात करून आणायची तयारी दाखवली. बाई म्हणाली, कशाला, भाकर खाते ना मी. आणि तो विषय तिथेच संपला.

वस्तूंवरून रबर सुटून आलं तेव्हा त्यावर मुठीची प्रत्येक रेघ उमटली होती, इतक्या वर्षांत कुणाच्या अंगठ्यानं झिजलेली बारीक खाचसुद्धा. ताईनं मूळ वस्तू पुसून होत्या तशा परत लावल्या.

लॅब बंद केली तरी धातू वितळवायची छोटी भट्टी तिनं विकली नव्हती. मेण, प्लास्टर आणि मोडकी पितळी तोटी यांतून मूठ झाली, मग ते झाकण. पहिल्याला सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं आणि पेट्रोल पाझरलं, दुसरं नीट जमलं. लाल काच कवळीच्याच सामानातून करायची होती, पण त्यातला रंग हिरड्यांचा. पहिली काच हुबेहूब हिरडीसारखी निघाली. ती पाहून बर्मिंगहॅमचे गृहस्थ इतके हसले की त्यांना खोकला आला. त्याच दिवशी ताईनं त्यांना डोंगरातली मोटार दाखवली, फोटोत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. लांब साहेबाचा शोध घेतो, असं त्यांनी कबूल केलं.

आनंदाच्या भरात ताईनं त्या मोटारीच्या नुसत्या एका दिव्याचा फोटो ग्रुपवर टाकला. आठवडाभरातच एक गृहस्थ मोठ्या पांढऱ्या गाडीतून नाशकात दाखल झाले. बोलायला गोड होते, आणि जुन्या मोटारींवर त्यांचा जीव होता हेही खरं. ते म्हणाले, तिथे ती कुजेल, मी तिला काचेच्या हॉलमध्ये ठेवीन, तुम्ही फक्त गाव सांगा. ताईनं त्यांना पोहे दिले, चहा दिला.

"गाव आठवत नाही हो," ती त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "वय झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवर लिंबू पिळत राहिलो. ते गेल्यावर ताईनं ग्रुपही सोडला.

आमची मोटार पावसाळ्यानंतर सुरू झाली. गिरणाऱ्याचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक महिनोन् महिने इंजिनापाशी खपला होता. हँडल त्यानंच फिरवलं. आवाज शिलाई मशीनसारखा आला. ताई आत बसली होती, दोन्ही हात चाकावर, आणि तिच्या गालांचं कातडं इंजिनाबरोबर थरथरत होतं. मळ्याला एक फेरी मारून ती परत आली आणि इंजिन बंद करायला तयारच होईना.

त्याच सुमारास बर्मिंगहॅमहून निरोप आला. त्यांनी पुष्कळ विचारपूस केली, पण नाव नाही, चेहरा नाही, नुसता उंच माणूस. माग लागत नव्हता, लागेलसं वाटतही नव्हतं. ताई म्हणाली, हे फोनवर सांगायचं नाही.

मोटार हरसूलपर्यंत टेम्पोतून नेली, कारण घाट तिला झेपला नसता. तिथून पुढे ताईनं चालवली. सकाळची वेळ, धुकं इतकं की रस्ता पुढे पुढे तयार होतोय असं वाटत होतं. कापलेल्या भाताची खाचरं दोन्ही बाजूंना पांढरी पडली होती. वाडीत शिरलो तर माणसं दाराबाहेर येऊन उभी राहिली. बाई छपरीतून बाहेर आली. तिनं मोटारीकडे पाहिलं, मग मागे वळून छपरीत पाहिलं, आतली जागेवर आहे ना याची खात्री करायला.

ताईनं तिला ओसरीवर बसवून सांगितलं की साहेबाचा पत्ता लागला नाही. तो कधीच वारला असणार, आणि त्याच्या मागे कोण आहे हे कुणाला कळायला मार्ग नाही. आता ती मोटार तुमचीच, असं तिला म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही.

बाईनं अंगणाकडे पाहिलं. "मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जागा हाय."

तिला त्या दिवशी बाजाराला जायचं होतं. ताईनं तिला मोटारीतूनच चलायचा आग्रह केला. बाईनं लुगडं बदललं, सुनेला दोन गोष्टी सांगितल्या आणि पुढे ताईच्या शेजारी बसली. मी मागे, मुलांच्या जागेत, गुडघे छातीशी घेऊन. लग्न होऊन आल्यापासून घरात तसली मोटार असून चालत्या मोटारीत ती आज पहिल्यांदा बसली होती. सुरुवातीला ती दाराची मूठ घट्ट धरून होती. मग हळूहळू हात सैल झाला. वेग सायकलचाच होता. धुक्यातून झाडं येत होती आणि जात होती. इंजिनाची ऊब पायांशी येत होती. पुढच्या वळणावर मी पाहिलं तर बाईची मान कलली होती. ती गाढ झोपली होती, तोंड जरासं उघडं, लहान मुलाला झोळीत लागते तशी झोप.

बाजाराचा फाटा आला. ताईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, फाट्याकडे पाहिलं आणि सरळ पुढे गेली. रस्ता पाझर तलावाच्या कडेनं जात होता. पाण्यावरून धुकं उठत होतं. दोन बगळे पाण्याला चिकटून उडत गेले. किती वेळ गेलो ते सांगता येणार नाही. मलाही मध्ये डुलकी लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा ऊन पडलं होतं, आणि अनोळखी गावातली दोन माणसं पारावरून उठून आमच्याकडे बघत होती.

बाईला जाग आली. तिनं बाहेर पाहिलं आणि पदर नीट केला.

"बाजार आला का?"

"मागं राहिला, वहिनी," ताई म्हणाली. "वळवू का?"

बाई परत रेलून बसली. आणखी एक वळण तिनं बाहेर बघत जाऊ दिलं.

"जाऊ सावकाश," ती म्हणाली.